लघवी सुटते? ‘पाणी कमी प्या’ हा मेसेज पुढे पाठवू नका

नागपुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: “बाळंतपणं झाली, चाळिशी ओलांडली की खोकताना-हसताना लघवी सुटणारच. याला औषध नाही. पाणी कमी प्या, घराबाहेर पडण्याआधी दोनदा जाऊन या. लघवी करताना मधेच धार थांबवायचा व्यायाम रोज करा. फारच वाढलं तर पिशवी काढून टाका.” खाली हात जोडलेले, आणि ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा त्रास असलेल्या बायका माझ्याकडे येतात त्या बहुधा यातले दोन-तीन सल्ले पाळून, त्रास वाढवून घेऊनच. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“सुटणारच.” खूप जणींना सुटते, हे खरं. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत चार बायकांत निदान एकीने हा त्रास सांगितलाय. पण अंगात रक्त कमी असणंही आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून आपण लोहाच्या गोळ्या देणं थांबवत नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. जास्त वजन, जुना खोकला, शौचाला कुंथणं यांनीही ती सैल पडते. मग शिंकलं, हसलं, पाण्याचा गुंड उचलला की लघवी गळते. हा एक प्रकार. दुसऱ्यात मूत्राशयाचा स्नायू भलत्या वेळी आकसतो; अचानक घाईची लागते आणि संडासाच्या दारापर्यंत धरवत नाही. पुष्कळ जणींना दोन्ही असतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि मेसेजला हा फरकच माहीत नाही.

“पाणी कमी प्या.” नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. पाणी कमी झालं की लघवी गडद होते आणि तीच मूत्राशयाला चाळवते. घाई कमी न होता वाढते. उन्हाळी लागते, मुतखड्याला निमित्त मिळतं, शौचाला कडक होते आणि कुंथण्याचा ताण पुन्हा त्याच झोळीवर येतो.

महाल भागातल्या एका शाळेतल्या बाईंचं उदाहरण सांगते. सकाळी भरून नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी यायची. प्रत्येक तासाआधी आणि निघताना त्या ‘असू दे’ म्हणून जाऊन यायच्या. “मॅडम, बसमध्ये बसली का सारं ध्यान तिकडेच लागून राहते,” त्या म्हणाल्या. त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: किती प्यायलं, किती वाजता गेलं, मापाच्या पेल्यात किती मिली झाली, कधी गळली. वही उघडली तर एका वेळेला ८०, १००, ९० मिली. मोठ्या माणसाचं मूत्राशय आरामात ३०० ते ४०० मिली धरतं. न लागताच सारखं जाऊन त्यांच्या मूत्राशयाची थोडक्यातच हाक मारायची सवय झाली होती. पाण्याच्या रकान्यात दिवसाला जेमतेम तीन पेले, चहाच्या रकान्यात मात्र पाच कप. चहा-कॉफीने घाई वाढते.

मग पाणी दिवसभरात विभागून वाढवलं, चहा दोनवर आणला. लागल्याबरोबर न धावता जागीच थांबायचं, खालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरली की चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी वाढवायचं. याला निदान सहा आठवडे लागतात, त्यांनाही लागले. आता त्या बाटली रिकामी करून घरी येतात.

“मधेच धार थांबवा.” नेमका कोणता स्नायू, हे ओळखण्यापुरतं एकदा करून पाहिलं तर हरकत नाही. रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतुसंसर्गाचा धोका. हा व्यायाम १९४८ मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी मांडला, तो लघवीच्या वेळी करायचाच नाही. आडवं पडायचं, चारचौघांत वारा रोखतो तसं खालून आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. मांड्या आणि कुल्हे आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. बऱ्याच जणी वर ओढायच्या ऐवजी खाली कुंथतात आणि ‘व्यायामाने काही झालं नाही’ म्हणून सोडून देतात. म्हणून निदान एकदा जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्या. शिंक यायच्या क्षणाआधी स्नायू आवळून धरायची सवय तर आजपासूनच लावता येते.

“औषध नाही.” आहे. घाईच्या प्रकारासाठी सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या आहेत. काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. पाळी गेल्यानंतर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम काही जणींची घाई कमी करतं. खोकताना गळण्यावर व्यायामाने भागलं नाही तर मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया होते. तिच्यात कृत्रिम जाळीची पट्टी वापरणार असतील तर फायदे-तोटे दोन्ही विचारून घ्या. कधी कारण वेगळंच निघतं: वाढलेली शुगर, किंवा बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी.

“पिशवी काढून टाका.” गर्भाशय आणि मूत्राशय हे वेगळे अवयव आहेत. निव्वळ लघवी सुटते म्हणून पिशवी काढणं हा उपचारच नाही. काढल्यानंतर काही जणींचा त्रास वाढतो. अंग बाहेर येत असेल तर ती वेगळी तक्रार, तिचा निर्णय तपासणीनंतर. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं विनाकारण काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. त्या राज्यात राहून हे वाक्य कुणी ‘बहिणींपर्यंत’ पोचवावं, याचा मला संताप येतो.

जायचं कुठे? नागपुरातली मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, सगळीकडे स्त्रीरोग विभाग आहे. ओपीडीत ‘खाली त्रास आहे’ एवढंच सांगू नका. पांढरं जाण्याच्या गोळ्या हातात पडतील. ‘खोकताना लघवी गळते’ किंवा ‘घाईची लागते, धरवत नाही’ असं स्पष्ट सांगा आणि तीन दिवसांची वही सोबत न्या. लघवीत रक्त दिसलं, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत गळू लागलं, तर वहीसाठी थांबू नका, लगेच दाखवा. लघवी अजिबात होईना किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर थेट कॅज्युअल्टीत जा.