महिनाभरात चेहरा

"बारा महिन्यांत अमेरिकेतल्या एमआयटीचा अख्खा कम्प्युटर सायन्स!" पक्यानं बूड टेकायच्या आधीच सुरू केलं. स्कॉट यंग नावाच्या ब्लॉगरचं ते २०११-१२ चं पुराण, ३३ विषय घरबसल्या, स्वतःचे स्वतः, कट्ट्याला आता तोंडपाठ आहे.

"पण पदवी मिळाली का?" मास्तर. काहीही शिकायला एक तप आणि एक गुरू लागतो, यावर ते ठाम. "थेंबे थेंबे तळे साचे, बाबा."

"तुमचं तळं कोरडंच आहे की मास्तर," वैशी म्हणाली. "वीस वर्षं जर्मन शिकताय. बोला एक वाक्य."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

"आणि तू दात काढू नकोस," ती पक्याकडे वळली. "तो माणूस शेवटचे पेपर स्वतः सोडवून तपासायचा. तू त्याचं काय उचललंस? व्हिडिओ दुप्पट वेगानं बघायचे."

मग मीही गिटारचा विषय काढला. तीस दिवसांत शिकतो म्हणून पक्यानं माझी नेली होती, दोन तारा कमी होऊन परत आली.

"एकच तार!"

"दोन."

यावर बराच वेळ गेला.

वैशीनं मात्र चेहरे काढायला शिकण्यात खरंच महिना घातलाय. रोज दीड तास, एक चेहरा. वही तिनं दाखवली. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्यांचे डोळे कपाळात. "डोळे डोक्याच्या जवळजवळ मध्यावर असतात. हनुवटीपासून टाळूपर्यंत मोजून बघा. आपल्याला डोळे-नाक-तोंड महत्त्वाचं वाटतं, म्हणून वरचं सगळं आपण गुंडाळतो." ती रोज चित्र आरशासमोर धरायची. उलटं दिसलं की वाकडेपणा लपत नाही. मग आठ दिवस केस नाहीत, छटा नाहीत, नुसती मापं. मला हे फार मोलाचं वाटतं. जमतंय तेच घोटत बसणं सोपं असतं. आपली चूक हुडकून दुसऱ्या दिवशी नेमकी तिच्यावरच तुटून पडायला छाती लागते.

"महिना संपला की विसरशील," मास्तर.

"हे मात्र तुमचं खरं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, शिकलेलं किती भराभर पुसलं जातं ते. म्हणून दर रविवारी अजून एक चेहरा काढते, फोटो बाजूला ठेवून, आठवून. नुसतं बघत बसलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पोरांना उतारे दिले. पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानं, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पक्या, फोन पालथा ठेव. काल रात्रीच्या व्हिडिओत काय होतं?"

पक्या आठवू लागला. "तो आधी म्हणाला… चॅनल सबस्क्राइब करा."

मास्तरांना हसून ठसका लागला. पक्या चिडला. वैशीच्या हातची पेन्सिल ओढून "बघाच आता" म्हणत मास्तरांचा चेहरा काढायला बसला. पाच मिनिटांनी वही फिरवली. डोळे थेट कपाळात, त्यावर लगेच डोकं संपलेलं.

"अरे, माझं टक्कल कुठे गेलं?" मास्तरांनी वही जवळ ओढली, बराच वेळ बघितली. वैशीनं खोडरबर पुढे केला, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. पोराला येतंय."