टिप द्यायची? घाई कसली!

गोव्याला निघालात? छान. हॉटेलात खोली साफ करणाऱ्याला टिप द्यायची का, याचा विचार शेवटच्या सकाळी करा. बॅगेची चेन लागत नसते, खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असतो, त्या वेळी.

दारावर सलाम ठोकणाऱ्याला मात्र शंभराची नोट द्याच. त्याने उघडलेलं दार ढकललं तरी उघडतं, पण चारचौघांनी पाहिलं ना! हाऊसकीपिंगवाला येतो तुम्ही कळंगुटला पाण्यात असताना. बाथरूमच्या जाळीत तुंबलेली वाळू आणि केस तो बोटांनी काढतो. गादीचा कोपरा उचलून चादर ताणून खोचतो. शाकुतीचा डाग पडलेला टॉवेल मुकाट्याने धुलाईला टाकतो. किटलीत तुम्ही अंडी उकडलीत, तीही घासतो. आता हे कोणी पाहिलं? ज्याला प्रेक्षक नाही त्याचे पैसे कसले?

तरी मन द्रवलंच तर कायदा आठवा. हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणजे टिप ऐच्छिक. आणि तुमची इच्छा नाही. विषय संपला.

सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पाच हजारांच्या खोलीमागे रात्रीला 350 रुपये कर कमी! त्यातले पन्नास रोज उशीपाशी ठेवावेत, असला अविचार मनात आला तर लगेच काजू घ्यायला बाहेर पडा.

‘पगार हॉटेलने नीट द्यावा, आम्ही का?’ हे तत्त्वही हाताशी असू द्या. म्हणणं खरं आहे, म्हणून तर इतकं कामाला येतं. फक्त पगार किती, माणूस कंत्राटावर आहे का, हे मॅनेजरला विचारायला जाऊ नका. तत्त्व वापरायचं असतं, त्यामागे धावायचं नसतं.

सुट्टे नसतील तर उत्तमच. नारळपाणीवाल्याला वीस रुपयेसुद्धा यूपीआयने देता, पण इथे ‘कॅश नाही हो’ म्हणा. शिवाय तीन दिवस खोली आवरणाऱ्याची आज सुट्टी असणार. मग टिप भलत्याच माणसाला गेली तर? केवढा अन्याय! तो टाळायला रोजच्या रोज देता आली असती, पण आता काय उपयोग?

चेकआउटला रिसेप्शनवरून वर फोन जाईल, ‘खोली बघून घे.’ आजचा हाऊसकीपिंगवाला टॉवेल मोजून खाली येईल आणि ‘सगळं ओके’ म्हणून क्षणभर थांबेल. तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घाला. टॅक्सीत बसल्यावर रिव्ह्यू लिहा : ‘खोली चकाचक. स्टाफ जरा आशाळभूत. तीन स्टार.’