भाच्याचं हाय कपाळ

लग्नाच्या बायोडाटावर वरच्या कोपऱ्यात फोटो असतो. माणूस कसा दिसतो ते त्यात दिसतं. तरी खाली शब्दांत पुन्हा कशाला लिहायचं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. कारण भाच्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा मामा न्यू जर्सीला असतो आणि मधला माणूस तोच. त्यानं फोनवर सांगितलं, ‘इंग्लिशमध्ये छोटंसं डिस्क्रिप्शन पाठवा.’ अक्कानं फोन ठेवला आणि बेळगावातल्या शहापूरहून रिक्षा करून ती तडक टिळकवाडीत माझ्याकडं आली.

घरात इंग्रजीचा माणूस मी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरीभर पत्रव्यवहार सांभाळला, त्यामुळे माझं इंग्रजी लोखंडावर पोसलेलं आहे. गुड सरफेस फिनिश, फ्री फ्रॉम ब्लो होल्स, विदिन टॉलरन्स. भाच्याच्या चेहऱ्याला यातलं बरंचसं लागूही पडतं. मी तसा मसुदा वाचून दाखवला, तर भाची म्हणाली, “मामा, दादाचं लग्न करायचंय की टेंडर भरायचंय?”

भाची इंग्रजीत एम.ए. करते. तिथून पुढं लेखणी नावाला माझ्या हातात राहिली.

सुरुवात उंचीपासून झाली. भाचा सहा फुटी. अक्का म्हणाली, “हाय बॉय असं लिही.” भाची म्हणाली, माणूस टॉल असतो, हाय नसतो. बरं, डोंगर? डोंगर हाय. मग यळ्ळूरजवळचा राजहंसगड? तो डोंगरावर आहे, म्हणजे हाय. आणि इमारत? इमारत टॉल. म्हणजे दगडमातीचा ढीग नुसता असला तर हाय, आणि गवंड्यानं रचला की टॉल? “असंच काही नाही ओ,” भाची म्हणाली, “इमारत हाय पण चालते. माणूस मात्र चालत नाही.” का चालत नाही? “म्हणत नाहीत म्हणून.”

एवढ्यात शेजारचे मास्तर चहाला आले. ते कन्नड शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना वाद सांगितला. ते म्हणाले, “एत्तर अंद्रे एत्तर. माणूस एत्तर, डोंगर एत्तर, मनी एत्तर.” मनी म्हणजे घर. म्हणजे आमचं जसं सगळीकडं उंच, तसंच त्यांचं. 1956 ला राज्यं पाडली गेली तेव्हापासून या गावात मराठी आणि कन्नड यांचं जाहीर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. ते त्या संध्याकाळी माझ्या सोप्यात झालं, आणि इंग्रजीच्या विरोधात झालं. अक्कानं त्या आनंदात मास्तरांच्या बशीत कुंद्याची जादा वडी ठेवली.

भाचीनं मग आम्हाला समजावलं. इंग्रजीत शब्दांची स्थळं ठरलेली असतात. अर्थ जुळला म्हणून कुणीही कुणाशी बसत नाही, पत्रिका बघावी लागते. ब्लाँड हा शब्द केसांच्या घराबाहेर फारसा पडत नाही, पिवळ्या रिक्षाला तो कुणी लावणार नाही. बारीक मुलगी स्लिम म्हटली तर कौतुक, स्किनी म्हटली तर टोमणा. बुटका आणि रुंद असेल तर स्टॉकी. फर्थ नावाच्या इंग्रज पंडितानं 1957 मध्ये लिहून ठेवलंय म्हणे, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हा गृहस्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. लाहोरपर्यंत आला होता तर आणखी थोडं खाली उतरायचं होतं. आमच्या खडेबाजारात एक चक्कर मारली असती, तर कुठला शब्द कुणाच्या संगतीत सापडेल याची खात्री त्यानं सोडून दिली असती.

पुढं केस. भाची म्हणाली, “जेट ब्लॅक लिहूया.” आई इतका वेळ गप्प बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “जेट म्हणजे विमान की. सांबऱ्याला उतरतंय ते तर पांढरं असतंय.” शंका रास्त होती. मग कळलं की हे जेट वेगळं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं गाव आहे, तिथं मिळणारा तो काळाभोर खडा. फार पूर्वीच्या लाकडाचं जमिनीत दबून झालेलं ते रत्न. 1861 ला नवरा वारल्यावर व्हिक्टोरिया राणीनं त्याचेच दागिने घातले आणि मग दुखवट्यात ते घालायची तिथं रीतच पडली. आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. “पोराच्या लग्नाच्या कागदावर विधवेचा दागिना? खोडा आधी.”

खोडला.

इंग्रजीचा एवढा राग राग चालला होता, तेवढ्यात मास्तरांनी काडी टाकली. म्हणाले, “तुमच्या मराठीत काय वेगळं आहे? मी भीतीनं तोंड पांढरंशुभ्र पडलं म्हटलं तर तुम्ही सगळे हसता.” हसतोच. धोतर शुभ्र असतं, घाबरलेला माणूस पांढराफटक पडतो. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. पान लागतं ते गोऱ्याला, धमक लागते ती पिवळ्याला. का, ते आम्हालाही सांगता येईना. आई म्हणाली, “म्हणत नाहीत म्हणून,” आणि भाचीनं माझ्याकडं असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला.

रंगाच्या रकान्याशी गाडी अडली. भाचा सावळा आहे, आणि छान दिसतो. खरं बायोडाटावर सावळा लिहिलेला नवरा मी अजून वाचलेला नाही. तिथं सगळे फेअर असतात, फार तर व्हीटिश. हा व्हीटिश शब्द आपल्याकडचाच, लग्नाच्या जाहिरातींत वाढलेला. लंडनमध्ये कुणाला सांगितलात तर तो पिठाच्या गिरणीचा पत्ता देईल. अक्काला मात्र तोच पाहिजे होता. आई म्हणाली, “गव्हाळ म्हणजे कुठला गहू? खपली तांबूस असते.” त्यावर अक्का रुसली. रकाना रिकामा ठेवायचा ठरलं. फोटो आहेच की, असं तिथं पहिल्यांदा कुणीतरी बोललं.

आता खरा अवघड जागेचा प्रश्न उरला. भाचा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचे केस कपाळाकडून मागं निघालेत. जेट ब्लॅक खोडलं ते एका परीनं बरंच झालं. भाचीनं दबक्या आवाजात योग्य जोडी सांगितली, रिसीडिंग हेअरलाइन. मी घरच्यांसाठी उलगडून सांगितलं, “म्हणजे सीमारेषा मागं सरकायलीय.”

हे वाक्य बेळगावात बोलायचं नसतं. मास्तरांनी कप खाली ठेवला. मीही जरा सावरून बसलो. सीमा कुणाच्या बाजूनं सरकली, मूळ रेषा कुठली धरायची, जुना फोटो पुरावा म्हणून चालेल का, हे सगळं दोघांच्याही ओठावर आलं होतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर महाजन आयोगानं 1967 ला अहवाल दिला, त्यावर आम्ही दोघं अजून बोलत असतो, आणि चहा गार होईपर्यंत बोलतो. खरं अक्कानं डोळे वटारले आणि दोन्ही बाजूंनी सैन्य मागं घेतलं.

तोड भाचीनंच काढली. “हाय फोरहेड लिहूया. असं म्हणतात इंग्लिशमध्ये.” म्हणजे बघा, सहा फुटी माणूस हाय नाही, पण त्याचं कपाळ हाय. डोंगराच्या पंक्तीला माणसातलं एवढंच बसलं. टॉल, वेल बिल्ट, हाय फोरहेड. मी तेवढं सुबक अक्षरात लिहिलं, भाचीनं मोबाइलवर टाइप केलं आणि कागद न्यू जर्सीला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मुलीचा बायोडाटा आला. खाली एकच ओळ : स्लिम, होमली. अक्का खूश. घरगुती, संसारी मुलगी. भाची मात्र गप्प. खोदून विचारल्यावर म्हणाली, आपल्याकडं ठीक आहे, खरं अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला यथातथा. आणि लिहिणारा मामा तिथंच राहतो.

अक्कानं फोटो पुन्हा निरखून बघितला. फोटोत मुलगी चांगली नाकीडोळी नीटस. आईनं शेंगा सोलायचं थांबवून विचारलं, “स्वतःच्या भाचीला मामानं होऊन असं लिहिलंय?”

“तसंच दिसतंय.”

“मग उद्याच फोन लावा,” आई म्हणाली. “इतकी खरं बोलणारी माणसं परत मिळायची नाहीत. आणि आपल्या पोराच्या टकलाचंही सांगून टाका, मराठीत.”