सुरमईचा काटा

आमच्या गाडीचं जे झालं ते सुरमईमुळे झालं, हे बाबांना अजून मान्य नाही.

गाडी १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड. घर रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दर रविवारी बाबा गाडी काढायचे, मिरकरवाड्याला जायचे आणि मासळीची टोपली डिकीत टाकून परत यायचे. टोपलीखाली वर्तमानपत्र. वर्तमानपत्राने बर्फाचं पाणी अडतं, ही त्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा. ते पाणी कागद, पत्रा आणि श्रद्धा भेदून थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकायचं. उरलेलं काम खारा वारा बिनपगारी करायचा.

या मार्चमध्ये मागचं चाक पंक्चर झालं म्हणून मी जॅक लावला. दांडा फिरवतोय, फिरवतोय, जॅक चांगला वीतभर वर आला आणि गाडी जागच्या जागी. वाकून बघितलं तर जॅक चासीत घुसलेला.

मिस्त्री आले ते हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. आडवे झाले आणि ठोकत निघाले. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. आमचं पुढे ठण्ण, मधे ठण्ण आणि डिकीखाली गेल्यावर पिकल्या फणसासारखं बद्द. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"साहेब, ही चासी नाय. ही जाळी हाय."

"काही झालेलं नाही तिला," पडवीतून बाबा. "थोडं रेड ऑक्साइड मारा."

आताच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चासी नसतेच, बॉडी हाच सांगाडा. हेरल्डचं तसं नाही. १९५९ साली ट्रायम्फने ती इंग्लंडात काढली तेव्हा खाली सांगाडा आणि वर नटबोल्टांनी जोडलेली बॉडी, असा जुना संसार ठेवला. रूप इटलीच्या मिकेलोत्तीचं. १९६१ पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड’ नावाने बनू लागली. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं, चाकावर बसून इंजिन खोलावं. इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिली नाही. खालून मात्र मी ती कधीच पाहिली नव्हती. मधे पाठीच्या कण्यासारखे दोन चॅनेल आणि दोन्ही बाजूंना फासळ्या. हुबेहूब जेवण झाल्यावर ताटात उरलेला सुरमईचा काटा! मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर वर केला.

सगळं खरवडायचं ठरलं. वर डांबर, त्याखाली जळक्या ऑईलचं किटण, त्याखाली रेड ऑक्साइड, त्याखाली पुन्हा डांबर. प्रत्येक थर म्हणजे बाबांची एकेक उन्हाळी सुट्टी. त्याखाली गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे पत्रा फुगतो आणि चिरोट्यासारखे पदर सुटतात. ते पदर माझ्या डोळ्यांत, कानांत आणि एकदा जांभई आली तेव्हा तोंडात पडले. डाव्या बाजूच्या शेवटच्या फासळीवर वायर ब्रश फिरवताना एक हिरवं झाड दिसलं. पुसून बघितलं, तर खजुराचं. बाबांनी डालड्याचा डबा कापून रिव्हेट मारले होते.

"बाबा, हे काय?"

"त्या डब्याचा पत्रा काय होता! आता मिळतो का तसा?"

वाईट म्हणजे खरंच तेवढा तुकडा सोडून आजूबाजूचं सगळं सडलं होतं.

सडकं कापून १६ गेजचा नवा पत्रा लावायचा होता. मिस्त्रींनी आधी दारं लावून घेतली, आत आडवे अँगल टाकले आणि एका वेळी एकच फासळी कापायची असा दंडक घातला. सगळ्या एकदम कापल्या की बॉडी बसते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. एवढा जपून वागणारा माणूस पेट्रोलची टाकी उतरवताना तोंडात विडी ठेवून होता. हेरल्डची टाकी डिकीतच असते. मी विडीकडे बोट दाखवलं. "इझलेली हाय," म्हणाले, आणि झुरका घेतला.

टाकी गेली, बॅटरीची वायर काढली, तरी आग लागलीच. ग्राइंडरला न सापडलेलं एका कोपऱ्यातलं डांबर वेल्डिंगच्या आचेने पेटलं. ओली गोणपाटं होती, पण ती दुसऱ्या टोकाला. बाबा उठले आणि हातातला कपभर चहा त्यांनी ज्वाळेवर ओतला. त्या चासीवर त्यांच्या हातून पडलेलं हे पहिलं गोडं पाणी.

मग लेप. बारीक भेगांतला जो गंज निघत नाही त्यावर एक पातळ औषध लावायचं होतं. त्यात टॅनिक आम्ल असतं, ते तांबडा गंज धरून त्याचा काळा, घट्ट थर करतं. मी हे बायकोला मोठ्या कौतुकाने दाखवायला गेलो. ती विळीवर केळफूल सोलत होती. तिने नुसतं विळीचं काळं पडलेलं पातं माझ्यापुढे धरलं. ही रसायनक्रिया आमच्या घरात तीन पिढ्या चालू होती, तीही फुकट.

त्यावर मारायचा रंग मुंबईहून मागवला. तो हवेतल्या ओलाव्याने वाळतो. म्हणजे रत्नागिरीची हवा आयुष्यात प्रथमच गाडीच्या बाजूने. डब्यावर लिहिलं होतं: हातमोजे घाला. मी एक घातला, दुसरा सापडेना. रंग लोखंडाला धरतो तसाच कातडीला धरतो. रॉकेल, थिनर, खोबरेल, राख, कशानेही निघत नाही, कातडीबरोबरच जातो. दुसऱ्या दिवशी पुतणीच्या साखरपुड्यात मी डावा हात खिशात घालून वावरलो. व्याह्यांनी दोनदा विचारलं, लागलंय का काही? आणि डब्याच्या कडेला राहिलेल्या रंगाने झाकण असं धरलं, की दुसऱ्या हातासाठी डबा छिन्नीने फोडावा लागला.

बाहेरून झालं. पण चॅनेल आतून पोकळ असतं, आणि गंज आतूनही धरतो. आधी पाण्याची नळी सोडली. गाळ, वाळू आणि कुंभारमाशीची दोन मातीची घरं बाहेर आली. मग मेण आणि ऑईल गरम करून आत फवारायचं, पण कशाने? शेवटी आंब्यावर औषध मारायचा पंप आणला. बारीक नोझल प्रत्येक भोकातून आत घातलं. शेजारी गडग्यावरून डोकावून म्हणाला, "मोहोर आला काय गाडीला?"

सात जूनच्या आत सगळं उरकलं. दारं लागली. डावं तर पूर्वीपेक्षाही हलकं लागतं, याचं श्रेय बाबा डालड्याच्या डब्याला देतात. गाडी जॅकवर चढवून बघितली, चढली.

एक ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर पडवीत गाडी उभी, बॉनेट अजून कोमट आणि स्वयंपाकघरातून तळणीचा वास. मी पिशवी टाकून डिकीखाली वाकलो. नव्याकोऱ्या काळ्या फासळीवरून एक थेंब सरकत टोकाला आला, थांबला आणि पडला.

"बाबा, पाणी गळतंय!"

"पाणी नाही ते," आतून आवाज आला. "बर्फ आहे."