चार पत्रकं काढली आणि गप्प बसले? म्यानमारबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

म्यानमारमध्ये काही घडलं की एक मजकूर हटकून वर येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मुद्दे तेच. मला तो आतापर्यंत तीनदा आला. शेवटच्या वेळी तर शाळेतल्या इतिहासाच्या सरांकडून आला, तेव्हा मात्र राहवेना. मजकूर थोडक्यात असा:

"१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने जे केलं ते तिथल्या घटनेत बसणारंच होतं. जगाने चार निषेधाची पत्रकं काढली आणि गप्प बसलं. संयुक्त राष्ट्रांनी शेवटी लष्करालाच मान्यता दिली. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने पायघड्या घातल्या. निर्बंध म्हणजे नुसता देखावा. भारताला तर लष्कराशी जुळवून घेण्यावाचून पर्यायच नव्हता. आणि नाहीतरी आपला काय संबंध?"

त्या दिवशी लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथून सत्ता घेतली. ते राज्यघटनेत बसतं का, इथून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २००८ ची ही घटना लष्कराने स्वतःच्या मापाने शिवून घेतलेली. संसदेतल्या २५ टक्के जागा गणवेशवाल्यांना राखीव. संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही तीन खाती सेनापतीच्या पसंतीची. एवढं करूनही आणीबाणी जाहीर करायचा अधिकार त्यांनी राष्ट्राध्यक्षाकडेच ठेवला होता, कलम ४१७ प्रमाणे. राष्ट्राध्यक्ष होते विन म्यिन्त. त्यांनी पुढे कोर्टात जे सांगितलं ते वकिलामार्फत बाहेर आलं: १ फेब्रुवारीच्या पहाटे दोन वरिष्ठ लष्करी अधिकारी त्यांच्याकडे आले आणि तब्येतीचं कारण देऊन राजीनामा द्या म्हणाले. माझी तब्येत ठणठणीत आहे, असं त्यांनी सांगितलं. नकार दिलात तर फार त्रास होईल, असं बजावल्यावर ते म्हणाले, मेलो तरी चालेल पण संमती देणार नाही. त्यानंतर त्यांना अटक झाली, लष्कराच्या वाट्याचे उपराष्ट्राध्यक्ष म्यिन्त स्वे, जे स्वतः निवृत्त जनरल, हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सही करून सगळी सत्ता सेनापती मिन आँग ह्लाईंग यांच्या हाती दिली. ज्या वकिलांनी ही साक्ष बाहेर सांगितली, त्यांच्यावर लगेच बोलण्याची बंदी आली. घरमालकाला कोंडून त्याच्याच भाचरांपैकी एकाकडून खरेदीखत करून घ्यावं, तसला हा घटनात्मक व्यवहार.

बरं, घटना पाळायचीच होती तर पुढेही पाळायची. आणीबाणी एक वर्षाची, नंतर साधारणपणे दोनदा सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ, असं तीच घटना म्हणते. मुदतवाढ सात वेळा झाली. आणीबाणी उठली ३१ जुलै २०२५ ला.

निवडणुकीतल्या घोटाळ्याचं कारणही पुढे केलं जातं. ८ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत ४७६ जागांपैकी लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाला ३९६ मिळाल्या, लष्कराच्या लाडक्या पक्षाला ३३. एवढी दरी मतदारयादीतल्या चुकांनी पडत नाही. निवडणुकीत खोट नव्हती असं मी म्हणत नाही. रोहिंग्या मुस्लिमांना मतच नव्हतं, आणि सू ची यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या खटल्यात ज्या लष्कराची बाजू मांडली त्याच लष्कराने वर्षा-सव्वा वर्षात त्यांना तुरुंगात टाकलं. पण लष्कराची तक्रार रोहिंग्यांच्या मतांबद्दल नव्हती.

आता "चार पत्रकं". या वाक्याला मी निम्मे गुण देईन. सुरक्षा परिषदेचं पहिलं निवेदन ४ फेब्रुवारीला आलं. त्यात 'तीव्र चिंता' होती, 'सत्तापालट' हा शब्द नव्हता. ठराव व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला, म्हणजे जवळपास दोन वर्षं. तोही १२ मतांनी. चीन, रशिया आणि भारत तटस्थ. हत्यारबंदीचं नाव त्यातही नाही. याबद्दल जो चिडेल त्याच्याशी माझं भांडण नाही.

पण या मजकुरातला 'जग' हा कोण इसम आहे ते मला कळत नाही. त्याचा पत्ता, फोन नंबर काही नाही. हत्यारं विकणारा रशिया जग, पैसे गोठवणारी अमेरिका जग, दार बंद करणारा ब्रुनेई जग आणि संचलनाला माणूस पाठवणारे आपणही जग. सगळ्यांना एका गोणीत भरून 'काहीच केलं नाही' म्हटलं की ज्यांनी केलं त्यांचं श्रेय जातं. आणि ज्यांनी केलं नाही त्यांची नावं झाकली जातात, हे त्याहून वाईट.

"संयुक्त राष्ट्रांनी लष्करालाच मान्यता दिली" हे तर सरळ खोटं आहे.

२६ फेब्रुवारी २०२१. न्यूयॉर्कला आमसभेत म्यानमारचे राजदूत क्यॉ मो टुन भाषणाला उभे राहिले. नोकरी सरकारची, आणि सरकार म्हणजे तेव्हा लष्कर. त्यांनी आपण निवडून आलेल्या सरकारच्या वतीने बोलतोय असं सांगितलं, जगाकडे मदत मागितली, शेवटी शेवटी आवाज भरून आला आणि त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं वर केली. यांगूनच्या रस्त्यावर पोरं जी खूण करत होती तीच. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केलं. त्यांच्या जागी ज्या उपराजदूताचं नाव पाठवलं, त्याने पद घेण्याऐवजी राजीनामा दिला.

इथून पुढची गोष्ट कागदपत्रांची आहे, म्हणून बातम्यांत फारशी आली नाही. आमसभेत कुठल्या देशातर्फे कोण बसणार हे नऊ सदस्यांची अधिकारपत्र समिती ठरवते. समितीत अमेरिका, चीन, रशिया तिघेही. म्यानमारतर्फे दोन अर्ज आले: जुने राजदूत आणि लष्कराने नेमलेला माजी सैनिकी अधिकारी. १ डिसेंबर २०२१ ला समितीने निर्णय पुढे ढकलला. त्याच बैठकीत तालिबानचा अर्जही असाच बाजूला ठेवला. निर्णय नाही, म्हणजे बसलेला माणूस बसलेलाच. पुढेही दर वर्षी हेच होत गेलं. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत फाइल 'प्रलंबित' ठेवून काम अडवतात ना, तीच कला इथे चांगल्या कामी आली.

त्या खुर्चीचा उपयोग काय? १८ जून २०२१ ला आमसभेने लष्कराचा निषेध करणारा आणि म्यानमारकडे जाणारी हत्यारं रोखा म्हणणारा ठराव केला. बाजूने ११९, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. त्या ११९ मध्ये एक मत म्यानमारचं होतं. शिवाय ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत दोन म्यानमारी नागरिकांना या राजदूताला जखमी करण्याचा किंवा मारण्याचा कट केल्याच्या आरोपाखाली पकडलं. आरोपपत्रानुसार बेत गाडीच्या टायरशी छेडछाड करून अपघात घडवण्याचा होता, आणि पैसे देणारा होता थायलंडमधला एक शस्त्रविक्रेता. रिकाम्या खुर्चीसाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही.

चित्र सगळीकडे असं स्वच्छ नव्हतं, हेही सांगतो. लंडनमधल्या राजदूताने सू ची यांच्या सुटकेची मागणी केली, तर एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याच हाताखालच्यांनी त्यांना दूतावासाबाहेर ठेवून दार लावलं. बिचाऱ्याने रात्र गाडीत काढली. ब्रिटिश सरकारने या दादागिरीचा निषेध केला, पण राजदूत बदलल्याचं पत्र मात्र मान्य केलं. आणि हेगच्या न्यायालयात, रोहिंग्यांच्या खटल्यात, फेब्रुवारी २०२२ पासून म्यानमारच्या बाकावर लष्कराची माणसं बसली. न्यूयॉर्कला एक म्यानमार, हेगला दुसरा. याला मान्यता म्हणायचं असेल तर अर्धीमुर्धी म्हणा.

आसियानच्या पायघड्या. एप्रिल २०२१ मध्ये जकार्ताला मिन आँग ह्लाईंग यांना बोलावलं, पाच कलमी सहमती झाली: हिंसा थांबवा, सर्वांशी चर्चा, मदत पोचू द्या, विशेष दूत नेमा, त्याला सर्व पक्षांना भेटू द्या. परत गेल्यावर त्यांनी ती गुंडाळून ठेवली. इथवर मजकूर बरोबर. पण ऑक्टोबरमध्ये ब्रुनेईच्या अध्यक्षतेखाली आसियानने शिखर परिषदेला त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, हवा तर राजकारणाबाहेरचा प्रतिनिधी पाठवा. लष्कराने तोही पाठवला नाही, आणि म्यानमारची चौकट पडद्यावर रिकामी राहिली. एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही, या एका नियमावर ही संघटना उभी आहे. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तिने हूं का चूं केलं नव्हतं. (ते थाई सेनापती प्रयुत २०२१ मध्ये पंतप्रधान होते. जकार्ताला ते स्वतः न जाता परराष्ट्रमंत्र्याला पाठवते झाले. काय तोंडाने बसले असते!) पुढे २०२६ चं अध्यक्षपद पाळीने म्यानमारकडे येत होतं, तेही २०२३ मध्येच फिलिपिन्सला देऊन टाकलं.

आता निर्बंध, ज्यावर लोक सर्वांत छातीठोक बोलतात. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे १ अब्ज डॉलर होते. सत्ता हाती आल्यावर तीनच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, ते काढायचा प्रयत्न झाला. बँकेने व्यवहार अडवला, मग अमेरिकी सरकारने पैसाच गोठवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफएटीएफने, म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्यानमारला इराण आणि उत्तर कोरियाच्या पंक्तीला, काळ्या यादीत बसवलं. पाकिस्तान करड्या यादीतून सुटला तीच ही बैठक. ती बातमी आपल्याकडे चवीने वाचली गेली, ही कोणी वाचली नाही.

हत्यारांचा हिशेब आणखी बोलका आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये दाखवून दिलं की सत्तापालटानंतर लष्कराने किमान १ अब्ज डॉलरची हत्यारं आणि त्यांना लागणारा माल आणला: रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७ कोटी, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५.४ कोटी, भारतातून ५.१ कोटी, थायलंडमधून २.८ कोटी. यात सिंगापूर सरकारने स्वतः काही विकलं नव्हतं, पण नाव छापून आल्यावर त्याने चौकशी लावली. वर्षभरात तिथून जाणारा माल जवळपास ९० टक्क्यांनी घटला. लष्कराची बाहेरून होणारी एकूण खरेदी एक तृतीयांशाने खाली आली. आणि त्याच काळात थायलंडमधून जाणारा माल दुपटीच्या आसपास वाढला. एक नळ बंद केला तर पाणी थांबतं, शेजारचा उघडा राहिला तर तिथून येतं. यावरून नळ बंद करणं हा देखावा आहे, असा निष्कर्ष कोणता प्लंबर काढेल?

राहता राहिला आपला देश, आणि "पर्यायच नव्हता".

अडचणी खोट्या नाहीत. १६४३ किलोमीटरची सीमा, चार राज्यं, पलीकडे तळ ठोकून बसलेले बंडखोर, आणि आपण हात सोडला की चीन धरणार ही भीती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारत उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूला होता. सू ची यांना १९९३ चा नेहरू पुरस्कार दिला होता. त्याचा तोटा झाला म्हणून धोरण बदललं, हेही मान्य. पण लष्कराशी बोलणं वेगळं आणि २७ मार्च २०२१ ला म्यानमारची राजधानी नेपिडो इथल्या लष्करी संचलनात हजेरी लावणं वेगळं. आठ देशांचे प्रतिनिधी होते, त्यात भारताचा लष्करी अधिकारी. त्याच दिवशी देशभरात शंभरावर माणसं गोळ्यांनी मेली. त्या खुर्चीत बसायची सक्ती कुणी केली होती?

पर्याय होता, हे मिझोरामने दाखवलं. केंद्रीय गृहखात्याने मार्चमध्ये म्यानमारमधून येणारे निर्वासितांचे लोंढे रोखा म्हणून पत्र पाठवलं. मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की हे आम्हाला मान्य नाही, तिकडचे चिन लोक आमचे भाऊबंद आहेत. हजारो माणसं आली, चर्चनी आणि गावांनी त्यांना जेवू घातलं.

आणि जुळवून घेऊन मिळालं काय? मिझोरामला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाचा मार्ग पलेत्वा गावावरून जातो. जानेवारी २०२४ मध्ये ते गाव आराकान आर्मी या बंडखोर गटाने लष्कराकडून हिसकावलं. पुढच्याच महिन्यात मिझोरामचे राज्यसभा खासदार वनलालवेना सीमा ओलांडून आराकान आर्मीच्या लोकांना भेटून आले. ज्यांच्या भरवशावर तीन वर्षं मौन पाळलं, त्यांच्या हातात रस्ताच राहिला नव्हता.

"आपला काय संबंध?" हे सरांनी स्वतः जोडलेलं वाक्य होतं की मूळ मजकुरातलं, माहीत नाही. सरांचं घर लातूरकडचं, भावाची शेती तुरीची. म्हणून त्यांना एवढंच लिहिलं: सर, बाजारात लेमन तूर म्हणतात ती म्यानमारची. ती बंदरावर काय भावाने उतरते यावर तुमच्या भावाच्या पोत्यांचा दर हलतो. जून २०२१ मध्ये, आमसभेत भारत तटस्थ बसला त्याच महिन्यात, म्यानमारशी समझोता जाहीर झाला: पाच वर्षं, दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. तिकडे तेव्हा सरकार लष्कराचं होतं.

सरांचं उत्तर रात्री आलं. "भाव पडला तेव्हा आम्ही व्यापाऱ्याला शिव्या घालत होतो."