‘डिस्क एनक्रिप्टेड आहेत, मग व्हॉल्यूम कशाला?’

सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींत सेफ (Ceph: अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं स्टोरेज) आणि त्यातून कंटेनरना दिलेले व्हॉल्यूम, म्हणजे आभासी डिस्क, याबद्दल एक मेसेज सतत फिरतो: ‘सेफ क्लस्टरच्या डिस्क एनक्रिप्ट केल्या की झालं. व्हॉल्यूम वेगळा एनक्रिप्ट केला तर नुसता वेग जातो. एनक्रिप्शनची की (किल्ली) कुबरनेटीज या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सीक्रेटमध्ये सुरक्षित असते, आणि पासफ्रेज लक्षात असला की डेटा कुठे जात नाही.’ याच भरवशावर लोक पेशंटचे रिपोर्ट ठेवतात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

‘डिस्क एनक्रिप्ट केल्या की झालं.’ मुळीच नाही. ओएसडी (डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) याच्या खालचं डीएम-क्रिप्ट (लिनक्सचं डिस्क-एनक्रिप्शन) उपयोगी पडतं ते डिस्क चोरीला गेली किंवा वॉरंटीत परत पाठवली तर. डेटा स्टोरेज सर्व्हरवरच उलगडतो आणि नेटवर्कवरून नोडपर्यंत (व्हॉल्यूम वापरणाऱ्या सर्व्हरपर्यंत) उघडा येतो. लिनक्स कर्नलमधून आरबीडी (सेफचा व्हॉल्यूम) मॅप करताना सिक्युअर मोड (वायरवरचं एनक्रिप्शन) मुद्दाम मागावा लागतो, तोही कर्नल 5.11 पासूनच मिळतो. शिवाय त्या डिस्कच्या की मॉनिटरकडेच (क्लस्टरची नोंद ठेवणाऱ्या सेफच्याच प्रोग्रॅमकडे) असतात. अख्खी रॅक उचलून नेली तर कुलूप आणि किल्ली एकत्रच गेली. सेफ-सीएसआय (सेफ आणि कुबरनेटीज जोडणारा ड्रायव्हर) याच्या स्टोरेजक्लासमध्ये (व्हॉल्यूम कसा बनवायचा ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) एनक्रिप्शन चालू केलं की लक्स (लिनक्सचं व्हॉल्यूम-एनक्रिप्शन) नोडवर उघडतं, त्यामुळे वायरवर आणि ओएसडीवर फक्त सांकेतिक मजकूर असतो. खात्री करायची तर नोडवर ‘एलएसबीएलके’ (lsblk) चालवा: आरबीडी डिव्हाइसखाली ‘क्रिप्ट’ प्रकाराची ओळ दिसली पाहिजे. माउंट पॉइंट थेट आरबीडीसमोर दिसला, तर व्हॉल्यूम उघडा आहे. अर्थात माउंट असेपर्यंत नोडवरच्या रूटला सगळं वाचता येतं. तिथे लक्स काही करू शकत नाही.

‘वेग जातो.’ 10 गिगाबिटच्या लिंकवरून सेकंदाला फार तर 1.25 जीबी जातात. ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ चालवून एईएस-एक्सटीएसचा (लक्सच्या एनक्रिप्शन पद्धतीचा) आकडा बघा. एईएस-एनआय (प्रोसेसरमधली एनक्रिप्शनची सोय) असलेल्या आजच्या सर्व्हरवर एक कोअरसुद्धा बहुधा त्याच्या पुढे जातो. छोट्या रँडम राइट्सची लेटन्सी मात्र थोडी वाढते. डेटाबेस असेल तर आधी मोजून घ्या.

‘की सीक्रेटमध्ये सुरक्षित.’ सीक्रेट म्हणजे बेस64, कुणालाही उलटवता येणारा नुसता लिपीबदल. ईटीसीडीत (कुबरनेटीजच्या डेटाबेसमध्ये) तो आपोआप एनक्रिप्ट होत नाही, म्हणून ईटीसीडीचा बॅकअप ज्याच्या हाती त्याच्या हाती की. ती व्हॉल्टसारख्या केएमएसकडे (किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या सेवेकडे) द्या.

‘पासफ्रेज लक्षात असला की झालं.’ पासफ्रेज फक्त हेडरमधली (व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या लक्सच्या भागातली) व्हॉल्यूम की उघडतो. चुकून एमकेएफएस (नवी फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) चालवून हेडर पुसलं, तर पासफ्रेज निरुपयोगी. ‘लक्सहेडरबॅकअप’ घ्या, पण क्लस्टरबाहेर कुलपात ठेवा: पुढे पासफ्रेज बदललात तरी त्या जुन्या हेडरवर जुना पासफ्रेज चालतच राहतो.