हक्क सोडले असते तर कोर्टात काय दाखवलं असतं?

नमस्कार. क्रिएटिव्ह कॉमन्सवरच्या, म्हणजे आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर फुकट वापरू देणाऱ्या तयार परवान्यांवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं असं, की खुला परवाना लावणं म्हणजे आपल्या हक्कांवर पाणी सोडणं; कंपन्या त्यावर कमावतात आणि निर्माता कोरडाच राहतो. शिवाय द्यायचाच तर निदान 'एनसी', म्हणजे बिगर-व्यावसायिक वापराची अट तरी लावा, असं मी सांगायला हवं होतं.

पहिला मुद्दा मला अजिबात मान्य नाही. हक्क आपल्याकडे असतो म्हणूनच परवाना देता येतो. जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा अमेरिकेतला खटला बघा. मॉडेल रेल्वेच्या गाड्या संगणकावरून चालवायचं एक सॉफ्टवेअर हौशी मंडळींनी खुल्या परवान्यावर फुकट दिलं होतं. प्रतिवादींनी त्यातल्या फायली उचलल्या, लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या सूचना गाळल्या आणि त्या आपल्या विक्रीच्या उत्पादनात वापरल्या. खालच्या कोर्टाला हा फार तर कराराचा भंग वाटला. २००८ मध्ये अपील कोर्टानं ते फिरवलं: नाव द्या, बदल नोंदवा या परवान्याच्या अटी आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचं उल्लंघन होतं. पैसे घेतले नाहीत म्हणून निर्मात्याचं आर्थिक हित नसतं असं समजू नका, हेही त्याच निकालात आहे. तुमच्या आक्षेपाला याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

'एनसी'बद्दल तुमचा राग कळतो, पण उपाय पटत नाही. ही अट वापर कशासाठी आहे ते बघते, वापरणारा नफा कमावणारा आहे की नाही ते नाही. ग्रेट माइंड्स या संस्थेनं शालेय अभ्याससाहित्य एनसी अटीवर खुलं केलं होतं. शाळांनी ते फेडएक्स ऑफिस या छपाईच्या दुकानांतून छापून घेतलं आणि फेडएक्सनं छपाईचे पैसे लावले. हा धंदा आहे, रॉयल्टी टाका, असा संस्थेचा दावा. २०१८ मध्ये अपील कोर्टानं तो फेटाळला, कारण वापर शाळांचा होता आणि तो बिगर-व्यावसायिकच होता. झेरॉक्स त्यांनी स्वतः काढल्या की पैसे देऊन काढून घेतल्या, यानं फरक पडत नाही. म्हणजे ज्या कंपनीला रोखायचं तिला ही अट रोखेलच असं नाही. उलट विकिपीडियाच्या कॉमन्सवर, म्हणजे तिथल्या फोटोंच्या संग्रहात, एनसी फोटो चालत नाहीत. चार जाहिराती असलेला ब्लॉगवाला या अटीत बसतो का, याचंही सरळ उत्तर मिळत नाही, म्हणून प्रामाणिक माणूस नाद सोडतो. न विचारता उचलणारा काय, उचलतोच! तुमच्या कामावर कुणी बदल करून ते कुलपात घालू नये एवढंच हवं असेल, तर 'शेअर-अलाइक', म्हणजे बदललेलं कामही त्याच परवान्यावर खुलं ठेवायची अट, जास्त कामाची.

परवाना मागे घेता येत नाही, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. उद्या तुम्ही तो काढून टाकलात तरी ज्यांनी आधी प्रत घेतली त्यांचा हक्क शाबूत राहतो. फोटो विकून ज्याचं पोट चालतं त्यानं पूर्ण आकाराचे फोटो खुले करू नयेत, या मताचा मीही आहे.

आता तुमच्या फोटोबद्दल, जो एका संकेतस्थळानं नाव न देता वापरला. आधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, मग तुमचा परवाना कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. ३.० असो की ४.०, नाव गाळलं की त्यांच्यापुरता परवाना आपोआप संपतो. पण ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत त्यांनी ती सुधारली तर परवाना पुन्हा लागू होतो, ३.० मध्ये ही सवलत नाही, तिथे पुन्हा परवानगी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. दोन्हींत आधीच्या उल्लंघनाबद्दल दाद मागता येतेच. पत्र लिहिताना आवृत्तीचा आकडा आणि मूळ फोटोची लिंक पहिल्याच परिच्छेदात टाका.